डेथ व्हॅलीत एक दिवस: ड्रायव्हिंग, चालणं आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली नॅशनल पार्कला एका दिवसासाठी जाणाऱ्यांचे प्रश्न साधारण तेच तेच असतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवतेय. मला ही जागा मनापासून आवडते, आणि लोक तिथे जाऊन नुसतेच दमून परत येतात याचं वाईट वाटतं, म्हणून काही ठिकाणी जरा जास्तच लिहिलंय, सांभाळून घ्या.

एका दिवसात डेथ व्हॅली बघून होते का?

सगळी नाही होत, अजिबात नाही. अलास्का सोडलं तर अमेरिकेतलं हे सगळ्यात मोठं नॅशनल पार्क, साधारण १३,६०० चौरस किलोमीटर. नकाशावर दोन नावं जवळजवळ दिसतात आणि प्रत्यक्षात मध्ये पाऊण तासाचं ड्रायव्हिंग निघतं. पण दरीच्या मधला जो भाग आहे ना, फर्नेस क्रीक या मुख्य वस्तीपासून दक्षिणेला बॅडवॉटर हे मिठाचं मैदान आणि वायव्येला स्टोव्हपाइप वेल्स ही छोटी वस्ती, तेवढा एका दिवसात छान होतो, एखादी दीड-दोन तासांची नीट चाल धरून. माझं स्पष्ट मत सांगते, चार-पाच जागा निवडा आणि प्रत्येक ठिकाणी गाडीतून उतरून पंधरा-वीस मिनिटं तरी चाला. पार्किंगमधून फोटो काढून पुढे पळत राहिलं तर बारा जागा होतील पण संध्याकाळी त्यातली एकही नीट आठवणार नाही.

कधी जावं?

नोव्हेंबर ते मार्च. बास.

एप्रिल आणि ऑक्टोबर हे दोन काठावरचे महिने आहेत, कधी बरे असतात कधी ऊन भाजून काढतं. आणि मे ते सप्टेंबरमध्ये चालायला म्हणून जाऊच नका.

"इतकं काय गरम असणारे, आम्हाला उन्हाची सवय आहे"

हा प्रश्न नाहीये पण दरवेळी ऐकू येतो म्हणून इथे घेतला. तर आकडे सांगते. १० जुलै १९१३ ला फर्नेस क्रीकला ५६.७ अंश सेल्सिअस नोंदवलं गेलं, म्हणजे १३४ फॅरनहाइट, आणि जागतिक हवामान संघटनेकडे हवेच्या तापमानाचा हाच विक्रम आजही आहे. त्या जुन्या नोंदीवर काही हवामानतज्ज्ञ शंका घेतात हे खरं, पण २०२० च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये आधुनिक उपकरणांवरही ५४.४ आलंय, त्यामुळे शंका घेऊन आपल्या जिवाला काहीच फरक पडत नाही. आणि हे सावलीतल्या हवेचं तापमान. जमिनीचं वेगळं, ते १९७२ च्या जुलैमध्ये ९३.९ अंश मोजलं गेलंय, पाणी उकळायला थोडंसंच कमी. २०२४ च्या उन्हाळ्यात वाळूच्या टेकड्यांवर एका पर्यटकाची चप्पल निघाली आणि तळपाय इतके भाजले की हॉस्पिटलला न्यावं लागलं.

आपल्याला ज्या उन्हाची सवय असते त्यात घाम येतो आणि तो कळतो. इथे हवा एवढी कोरडी की घाम त्वचेवर आल्या आल्या उडून जातो, कपडे कोरडेच राहतात, माणसाला वाटतं आपण ठीक आहोत, आणि शरीरातलं पाणी मात्र चाललेलं असतं. सवय आहे म्हणणारी माणसं इथेच फसतात.

एवढं गरम होतं तरी का?

दरी समुद्रसपाटीच्या खाली आहे, लांब आणि अरुंद आहे, आणि दोन्ही बाजूंना उंच डोंगर. पॅसिफिककडून येणारे ढग सिएरा नेवाडा आणि पुढच्या आणखी डोंगररांगा ओलांडता ओलांडता रिकामे होतात, त्यामुळे इथे वर्षाला सरासरी पाच सेंटिमीटरच्या आसपास पाऊस. झाडोरा नाही, जमीन उघडी, ती तापते, गरम हवा वर जाते पण डोंगर तिला सहज बाहेर पडू देत नाहीत, ती थोडीशीच थंड होऊन परत खाली येते, खाली येताना दाबली जाऊन अजून तापते. हे चक्र दिवसभर चालू राहतं आणि रात्रीही पुरतं थांबत नाही, म्हणून जुलैमध्ये मध्यरात्रीसुद्धा दिलासा मिळत नाही.

लास व्हेगासहून सकाळी निघून रात्री परत येता येईल का?

येईल, बहुतेक लोक तेच करतात. पाहरम्प या वाटेतल्या गावावरून फर्नेस क्रीक साधारण १९० किलोमीटर, दोन-सव्वादोन तास. लॉस एंजेलिसहून मात्र एका बाजूलाच साडेचार-पाच तास जातात, तिथून एका दिवसात जाऊन येऊन करायचा विचार करत असाल तर करू नका, एक रात्र आत किंवा बीटीसारख्या जवळच्या गावात काढा. आणि हे मी फक्त आरामासाठी सांगत नाहीये. या पार्कमध्ये सगळ्यात जास्त माणसं उन्हाने मरत नाहीत, ती एकट्या गाडीच्या अपघातात मरतात, म्हणजे समोरून कोणी येऊन धडकलं नाही, गाडीच रस्ता सोडून गेली. लांबलचक सरळ रस्ता, पुढे मागे कोणी नाही, स्पीड कधी वाढला कळत नाही, डोळे जड झालेले, आणि अचानक वळण. लिमिट पाळा, दर तासाला ड्रायव्हर बदला, जमत नसेल तर बाजूला घेऊन वीस मिनिटं झोपा.

तिकीट कुठे काढायचं? गेट सापडलंच नाही

रस्त्यावर गेट-बूथ असं काही नाहीच. फर्नेस क्रीकच्या व्हिजिटर सेंटरला, ठिकठिकाणच्या मशीनवर किंवा आधीच ऑनलाइन भरायचं. खाजगी गाडीला ३० डॉलर आणि ते सात दिवस चालतं. कॅश घेत नाहीत, कार्ड ठेवा. कोणी अडवत नाही म्हणून न भरता फिरू नका, पार्कची देखभाल याच पैशातून होते.

दिवसाचा प्लॅन कसा असावा?

हिवाळा धरून सांगते, व्हेगासहून पहाटे साडेचारच्या सुमाराला निघालात तर.

पहिली जागा झब्रिस्की पॉइंट, सूर्योदयाला. पार्किंगपासून थोडासाच चढ आहे, पक्का रस्ता. समोर पिवळ्या-तपकिरी मातीच्या सुरकुत्याच सुरकुत्या, हा सगळा गाळ लाखो वर्षांपूर्वीच्या एका आटलेल्या सरोवराच्या तळाचा. गंमत अशी की सूर्य तुमच्या पाठीमागून उगवतो, त्यामुळे उजेड आधी समोरच्या पॅनमिंट डोंगरांच्या शेंड्यांवर पडतो, गुलाबी होतो, मग हळूहळू खाली उतरत दरीत येतो आणि सगळ्यात शेवटी तुमच्या पायापाशी. हे बघायला अर्धा तास तरी एका जागी उभं राहायला लागतं. लोक पहिला लाल रंग दिसला की फोटो काढून निघतात, तुम्ही निघू नका. जॅकेट घाला, डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी असते.

मग लगेच चालायला गोल्डन कॅन्यन. ही सकाळीच करायची, ऊन वर यायच्या आत. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

त्यानंतर बॅडवॉटर, फर्नेस क्रीकहून २७ किलोमीटर. बॅडवॉटर पूर्वेकडच्या काळ्या डोंगराच्या अगदी पायथ्याशी आहे, त्यामुळे भल्या पहाटे तिथे गेलात तर नुसती सावली मिळते, उन्हात आलेलं मीठ बघायचं तर सकाळ थोडी सरू दे. परतताना उजव्या हाताला आर्टिस्ट्स ड्राइव्ह लागतो, साधारण १४ किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता, एकेरी आहे आणि दक्षिणेकडूनच आत शिरता येतं, म्हणून तो बॅडवॉटरहून येतानाच घ्यायचा, जाताना घेतला तर परत उत्तरेकडेच येऊन पडाल. पंचवीस फुटांपेक्षा लांब गाडीला बंदी आहे. तिथला आर्टिस्ट्स पॅलेट म्हणजे हिरवे, गुलाबी, जांभळे डाग असलेला डोंगर, जुन्या ज्वालामुखीच्या राखेतली खनिजं बदलून हे रंग आलेत, लाल-गुलाबी लोहामुळे. दुपारनंतरच्या उन्हात रंग जास्त उठून दिसतात.

मग फर्नेस क्रीकला जेवण, पाणी भरून घेणं, थोडी विश्रांती. आणि तीनच्या सुमाराला स्टोव्हपाइप वेल्सजवळच्या मेस्क्वीट फ्लॅट वाळूच्या टेकड्या, चाळीस किलोमीटर. डिसेंबरात साडेचारच्या आसपास सूर्य डोंगराआड जातो हे लक्षात ठेवा, उशिरा पोचलात तर सावल्यांचा खेळ संपलेला असतो.

डांटेज व्ह्यू यात मुद्दाम नाही घातला. फार सुंदर आहे, १,६६९ मीटर उंचीवरून सरळ खाली बॅडवॉटर दिसतं आणि खालच्यापेक्षा सरासरी चौदा अंश थंड असतं, पण जाण्यायेण्यात वेळ जातो. ज्यांना वाळूत चालायचं नाहीये त्यांनी टेकड्यांऐवजी हा घ्यावा. घरची म्हातारी माणसं बरोबर असतील तर मी हाच सुचवेन, पार्किंगमधूनच सगळं दिसतं.

गोल्डन कॅन्यनची चाल कठीण आहे का?

नाही. रेड कॅथेड्रल नावाच्या लाल कड्यापर्यंत जाऊन येऊन साधारण पाच किलोमीटर, शेवटचा थोडा भाग खडकांवरून चढायचा. ज्याला तासभर चालायची सवय आहे त्याला जमतं. सुरुवातीच्या भागात पायाखाली डांबराचे तुकडे दिसतील, ते बघा जरूर. एकेकाळी या घळीत गाडीचा पक्का रस्ता होता. १९७६ मध्ये चार दिवस पाऊस झाला आणि तो रस्ता वाहून गेला, परत बांधलाच नाही. कडेला हात लावून बघितलं तर गाळाचा थर वेगळा, गोट्यांचा थर वेगळा, सगळे तिरके झालेले, आणि त्यांच्या खाली माणसाने घातलेल्या डांबराचा पातळसा तुकडा. वर्षाला पाच सेंटिमीटर पाऊस पडणाऱ्या जागी पाण्याची ताकद काय असते हे मला तो तुकडा बघून जेवढं कळलं तेवढं दुसऱ्या कशाने नाही.

ज्यांना अजून चालायचं आहे त्यांना पुढे गोवर गल्चमार्गे वळसा घेऊन परत येता येतं, पण त्याला तीन-चार तास लागतात आणि मग दुपारचं काहीतरी सोडावं लागेल. सोडा की. माझ्या मते तो वळसा आर्टिस्ट्स ड्राइव्हपेक्षा जास्त देऊन जातो.

बॅडवॉटरला नक्की बघायचं काय? सगळे म्हणतात नुसतं मीठ आहे

हो, मीठच आहे, आणि तेच बघायचं. उत्तर अमेरिकेतली सगळ्यात खोल जागा, समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली. गाडीतून उतरल्यावर मागे वळून कड्याकडे वर बघा, खूप उंचावर एक पांढरी पाटी दिसेल, समुद्रसपाटी तिथे आहे. ती पाटी सापडली की मगच आपण किती खाली उभे आहोत ते पोटात जाणवतं. आणि समोर पश्चिमेला टेलिस्कोप पीक, ३,३६८ मीटर, हिवाळ्यात वर बर्फ.

सुरुवातीचा भाग हजारो पावलांनी तुडवून गुळगुळीत झालाय, तो पाहून लोक निराश होऊन परततात. तिथे थांबू नका. वीस-पंचवीस मिनिटं आत चालत जा. गर्दी मागे पडते, मग मिठाच्या षटकोनी-पंचकोनी चौकटी दिसायला लागतात, कडा वर आलेल्या, मधे थोडी खरखरीत सपाट जागा. एका चौकटीजवळ गुडघे टेकून बघा. कड बोटभर उंच असते, वरच्या टोकाला बारीक बारीक सुया, पांढऱ्याशुभ्र, आणि तळाशी मातकट. खालचं खारं पाणी भेगांमधून वर येतं, वाळतं, मीठ ठेवून जातं, आणि स्फटिक वाढता वाढता कड वर ढकलतात. पाय ठेवला की पापड मोडल्यासारखा आवाज येतो, म्हणून शक्यतो कडांवर पाय न देता मधून चाला, त्या पुन्हा वाढायला वेळ लागतो. हे बहुतेक करून आपण जेवणात घालतो तेच मीठ आहे आणि पसरलंय साधारण पाचशे चौरस किलोमीटरवर.

उन्हाळ्यात इथे आत चालत जाऊ नका. सावलीचा एक ठिपका नाही.

तिथे तळं झालं होतं म्हणतात ते खरं का?

खरं. २० ऑगस्ट २०२३ ला हिलरी वादळाच्या उरलेल्या पावसाने एका दिवसात ५.६ सेंटिमीटर पाणी पडलं, म्हणजे वर्षाचा पाऊस एकाच दिवसात, आणि पार्क जवळजवळ दोन महिने बंद होतं. बॅडवॉटरला तळं साचलं, २०२४ च्या फेब्रुवारीत अजून पाऊस झाला आणि लोक चक्क कयाक घेऊन गेले. मग ते आटलं. हिमयुगात या दरीत खरोखरचं मोठं सरोवर होतं, त्याला लेक मॅनली म्हणतात, आणि हे तात्पुरतं तळंही त्याच नावाने ओळखलं गेलं. पाणी असेल तेव्हा काठाच्या चिखलात लांबवर जाऊ नका, पावलांचे खळगे वाळून तसेच वर्षानुवर्षं राहतात.

किती पाणी न्यायचं?

दिवसाला माणशी चार लिटर, हे कमीत कमी, आणि लांब चालायचं असेल तर त्याहून जास्त. शिवाय गाडीत वेगळा एक मोठा कॅन, तो हात न लावता ठेवायचा, गाडी बंद पडली तर म्हणून. बाटल्या फर्नेस क्रीकच्या व्हिजिटर सेंटरला भरून मिळतात, स्टोव्हपाइप वेल्सलाही पाणी मिळतं, पण ट्रेलच्या तोंडाशी बहुतेक ठिकाणी नळ नाही.

नुसतं पाणी पिऊन भागत नाही, बरोबर खारवलेले दाणे, वेफर्स, इलेक्ट्रोलाइट पावडर ठेवा. घामातून मीठ जातं आणि वर नुसतंच पाणी पीत राहिलं तरी चक्कर, मळमळ होऊ शकते. चालताना एक नियम पाळा, निम्मं पाणी संपलं की जिथे असाल तिथून मागे फिरायचं, पुढचं वळण कितीही खुणावत असलं तरी. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, कोणी उगाच चिडचिड करायला लागलं किंवा अडखळत बोलायला लागलं तर त्याला सावलीत घ्या, डोकं-मान ओली करा, गाडीत एसीत बसवा. बरं वाटेल थोड्या वेळात असं म्हणून चालत राहू नका.

उन्हाळ्यातच सुट्टी आहे, काय करू?

मग गाडीतूनच बघा. पार्कचा सल्ला आहे की खालच्या भागात सकाळी दहानंतर चालू नये, तो शब्दशः पाळा. पहाटे झब्रिस्की, सकाळी बॅडवॉटरला दहा मिनिटं उतरून परत गाडीत, मग डांटेज व्ह्यू, आणि दुपारपर्यंत बाहेर. अजून एक गोष्ट लोकांना माहीत नसते, हवा अति तापली की विरळ होते आणि हेलिकॉप्टरला पुरेसा उचल मिळत नाही, त्यामुळे फार कडक उन्हात रेस्क्यू हेलिकॉप्टर येऊच शकत नाही असं होतं. बोलावलं की येतील या भरवशावर राहू नका.

मोबाइलला रेंज असते का? मॅप्सवर चालेल ना?

फर्नेस क्रीक आणि स्टोव्हपाइप वेल्सच्या आसपास थोडीफार, बाकी पार्कभर नाही असंच धरून चला. ऑफलाइन मॅप डाउनलोड करा, आणि व्हिजिटर सेंटरमधून कागदी नकाशा घ्या, फुकट मिळतो.

आणि फोन "जवळचा रस्ता" म्हणून एखादी मातीची वाट दाखवायला लागला तर ऐकू नका. अशा वाटा नकाशावर रस्ता म्हणून दिसतात पण कित्येक कधीच्या वाहून गेलेल्या असतात. इथल्या रेंजर्सनी याला नावच ठेवलंय, डेथ बाय जीपीएस. शॉर्टकटचा इतिहास इथे जुना आहे. १८४९ मध्ये कॅलिफोर्नियात सोन्याच्या शोधात निघालेल्या काही कुटुंबांनी वाट वाचेल म्हणून नेहमीचा मार्ग सोडला आणि बैलगाड्यांसकट या दरीत अडकली. त्यातले विल्यम मॅनली आणि जॉन रॉजर्स हे दोन तरुण लॉस एंजेलिसच्या बाजूला शेकडो किलोमीटर चालत गेले, मदत घेऊन तसेच परत आले आणि मागे राहिलेल्यांना बाहेर काढलं. दरीचं हे नाव त्या लोकांनी दिलं असं सांगतात, आणि जुन्या सरोवराचं नाव त्याच मॅनलीवरून.

निघताना घरच्या कोणाला तरी सांगून ठेवा की आज कुठे जातोय आणि किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर काळजी करायची.

तिथे आधी कोणी राहत नव्हतं का?

राहत होते, आजही राहतात. टिंबिशा शोशोनी हे इथले मूळ रहिवासी, ते त्या बैलगाड्या यायच्या कितीतरी आधीपासून इथले आहेत, हिवाळा दरीत आणि उन्हाळा डोंगरावर अशी त्यांची राहणी होती. १९३३ मध्ये ही जागा नॅशनल मॉन्युमेंट झाली, १९९४ मध्ये नॅशनल पार्क, आणि या लोकांना स्वतःच्या जमिनीचा हक्क कायद्याने मिळायला २००० साल उजाडलं. फर्नेस क्रीकजवळ त्यांची वस्ती आहे. ती लोकांची घरं आहेत, तिथे फिरायला, फोटो काढायला जाऊ नका.

साधी गाडी चालेल की मोठी एसयूव्ही घ्यावी लागेल?

वर सांगितलेल्या सगळ्या जागांना साधी सेडान चालते, रस्ते पक्के आहेत. टायरची हवा, स्टेपनी, कूलंट निघण्याआधी तपासा. रेंटलची असेल तर स्टेपनी खरंच आहे ना ते डिकी उघडून बघा, हल्ली बऱ्याच गाड्यांत नुसतं पंक्चरचं किट देतात.

चढावर इंजिनचा काटा वर जायला लागला तर एसी बंद करा, तरी उतरला नाही तर बाजूला घेऊन थांबा, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. गाडी बंद पडली तर गाडीजवळच थांबा. चालत मदत आणायला जाणं ही सगळ्यात धोक्याची गोष्ट, गाडी लांबून दिसते, माणूस दिसत नाही.

पेट्रोल?

फर्नेस क्रीक, स्टोव्हपाइप वेल्स आणि पॅनमिंट स्प्रिंग्जला मिळतं, पण महाग. पाहरम्प किंवा बीटीला टाकी फुल करून मगच आत शिरा आणि अर्ध्याखाली काटा जाऊ देऊ नका. इलेक्ट्रिक गाडी असेल तर चार्जर मोजके आहेत, आधी बघून या.

ते आपोआप सरकणारे दगड बघायचे आहेत, एका दिवसात होईल?

रेसट्रॅक प्लाया म्हणतात ते. एका दिवसाच्या ट्रिपमध्ये नका घेऊ, प्लीज. फर्नेस क्रीकहून एका बाजूलाच साडेतीन तास तरी लागतात, त्यातले शेवटचे ४३ किलोमीटर खडीचा, अणकुचीदार दगडांचा रस्ता, तिथे चांगले चांगले टायर फाटतात, आणि टो करून आणायचं बिल ऐकून डोळे पांढरे होतील. रेंटल कंपन्यांच्या करारात कच्च्या रस्त्यावर न्यायला बहुतेक वेळा मनाईच असते.

पण गोष्ट भारी आहे म्हणून सांगते. सपाट वाळलेल्या चिखलावर, म्हणजेच प्लायावर, दगड, आणि प्रत्येकामागे लांब ओढत गेल्यासारखी रेघ. कित्येक दशकं कोणी ते सरकताना पाहिलंच नव्हतं. रिचर्ड नॉरिस आणि जेम्स नॉरिस या चुलत भावांनी काही दगडांना जीपीएस लावले आणि डिसेंबर २०१३ मध्ये प्रत्यक्ष सरकताना बघितले, २०१४ मध्ये निबंध आला. हिवाळ्यात प्लायावर उथळ पाणी साचतं, रात्री त्यावर काही मिलिमीटर जाडीचा बर्फ धरतो, सकाळच्या उन्हात तो तडकतो आणि त्याचे मोठे मोठे तुकडे हलक्या वाऱ्याने वाहायला लागतात, ते दगडांना मिनिटाला दोन-चार मीटर वेगाने ढकलत नेतात. म्हणजे वादळ नाही, काही नाही, साधा वारा. जाल तेव्हा ओल्या प्लायावर पाय ठेवू नका आणि दगड हलवू तर नकाच, काही लोकांनी उचलून नेलेत, मागे नुसती रेघ उरलीये.

वाळूच्या टेकड्यांवर बूट घालायचे की अनवाणी?

हिवाळ्यात संध्याकाळी अनवाणी चालता येतं, पण खाली वाकून बघत चाला, मेस्क्वीटच्या झुडपांचे काटे असतात, आणि गरमीच्या दिवसांत साइडवाइंडर नावाचा रॅटलस्नेक तिथे वावरतो. सगळ्यात उंच टेकडी साधारण तीस मीटर, दिसते जवळ पण वाळूत पाय रुततात म्हणून वेळ दुप्पट धरा. ठरलेली पायवाट नाही, हवं तिकडून जा, फक्त निघताना मागे वळून गाडी कुठल्या डोंगराच्या रेषेत आहे ते बघून ठेवा.

लहान मुलं, कुत्रा, ड्रोन?

मुलांना जरूर न्या, हिवाळ्यात टेकड्यांवरून ती खाली यायलाच तयार नसतात. कुत्र्याला ट्रेलवर परवानगी नाही, फक्त रस्ते, पार्किंग, कॅम्पग्राउंड, आणि गाडीत सोडून जाता येत नाही, तेव्हा त्याला घरी ठेवा. ड्रोनला बंदी. दगड, मीठ, फुलं काही उचलून आणायचं नाही. रस्त्यावर कोल्ह्यासारखे दिसणारे कायोटी येऊन गाडीकडे आशेने बघतात, त्यांना खायला घालू नका, त्याच सवयीने ते गाड्यांखाली येतात.

जुन्या खाणी दिसतात, आत जाऊन बघितलं तर चालेल?

नाही. छत कोसळू शकतं, आत विषारी हवा असते, खोल खड्डे झाकलेले असतात. बाहेरूनच बघा. खाणकामाची आवड असेल तर फर्नेस क्रीकजवळ हार्मनी बोरॅक्स वर्क्स या टाकणखाराच्या कारखान्याचे अवशेष आहेत, तो १८८३ ते १८८८ चालू होता. तिथून टाकणखाराने भरलेल्या गाड्या वीस जनावरांच्या जोडणीने २६५ किलोमीटरवरच्या मोहावी रेल्वे स्टेशनला ओढत नेल्या जायच्या. थोडासाच चालायचा रस्ता आहे, अर्ध्या तासात होतं.

ढग आलेत, कॅन्यनमध्ये जाऊ का?

डोक्यावर किंवा लांब डोंगरावरही पाऊस दिसत असेल तर नाही. पाऊस दहा किलोमीटरवर पडतो आणि पाणी तुमच्या घळीत येतं, सोबत चिखल आणि दगड. ऑक्टोबर २०१५ च्या अशाच पुराने उत्तरेकडच्या स्कॉटीज कॅसल या जुन्या हवेलीच्या परिसराचं मोठं नुकसान झालं आणि तेव्हापासून तो बंद पडला. पूर आल्यावर रस्ते आठवडे-महिने बंद राहतात, म्हणून आदल्या रात्री पार्कच्या साइटवरची रस्त्यांची यादी बघाच, आणि सकाळी व्हिजिटर सेंटरला रेंजरला एकदा विचारा. ते लोक खूप आपुलकीने सांगतात.

तारे बघायला थांबावं का?

अमावास्येच्या आसपास असाल आणि परत लांब जायचं नसेल तर नक्की. २०१३ पासून हे आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क आहे. वाळूच्या टेकड्यांवरून आकाशगंगा क्षितिजापासून क्षितिजापर्यंत दिसते, आग्नेयेला मात्र व्हेगासचा उजेड असतो, तिकडे पाठ करा. टॉर्चला लाल कागद लावा. त्याच रात्री गाडी चालवत व्हेगासला परतायचं असेल तर अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबू नका, वर लिहिलेलं अपघाताचं आठवा.

दुसरा दिवस काढता आला तर?

मग पहाटे मोझेक कॅन्यन, स्टोव्हपाइप वेल्सपासून थोडा कच्चा रस्ता आहे पण सेडान जाते. आत शिरल्यावर पाच-दहा मिनिटांतच भिंती जवळ येतात, आणि पुराच्या पाण्याने घासून घासून संगमरवर असा झालाय की तळहात त्यावरून आपोआप फिरतो. त्यानंतर उबेहेबी क्रेटर, आठशे मीटर रुंद आणि १८० मीटर खोल, काठाकाठाने चालता येतं, वारा मात्र जोरात असतो. तुम्ही उन्हाळ्याच्या तोंडावर आला असाल तर सरळ पश्चिमेच्या डोंगरात वर जा, वाइल्डरोजला १८७७ मध्ये बांधलेल्या कोळशाच्या दहा भट्ट्या आहेत, आत उभं राहून बोललं की आवाज घुमतो आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या धुराचा वास अजून येतो. तिथूनच पुढे महोगनी फ्लॅट, टेलिस्कोप पीकची चाल तिथे सुरू होते, जाऊन येऊन साधारण साडेबावीस किलोमीटर आणि नऊशे मीटर चढ. हिवाळ्यात त्यावर बर्फ असतो, क्रॅम्पॉन (बर्फावर चालायला बुटांना लावायचे काटे) वगैरे सामान आणि अनुभव नसेल तर मे-जूनपर्यंत थांबा. तेव्हा खाली दरी तापलेली असते आणि वर पाइनच्या सावलीत आरामात चालता येतं.